करिअरबद्दल बोलायला आपल्या पोरांनी जायचं कुठे?

मागच्या पौर्णिमेला वंदना संपल्यावर विहारात एक मुलगी थांबली होती. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. चपला घालता घालता तिनं हळूच विचारलं, "सर, एम.एस्सी. करू की सरळ स्पर्धा परीक्षेच्या मागे लागू?" एवढं विचारायला ती अर्धा तास खोळंबली होती. आत दहा-बारा शिकलेली, नोकरदार माणसं बसलेली होती आणि चर्चा चालली होती जयंतीच्या डीजेच्या वर्गणीची. मीही त्यातलाच एक.

मार्गदर्शन शिबिरांचा आज तोटा नाही. पण तिथे पहिला प्रश्न असतो, रँक किती? आणि रँक सांगितली की जात सांगितल्यासारखंच. मी इंजिनिअरिंगला असताना एका सीनियरला पुढच्या शिक्षणाबद्दल विचारलं होतं. तो हसून म्हणाला, "तुला कसलं टेन्शन? तुझं होऊनच जाईल." त्यानंतर चार वर्षं मी कुणालाच काही विचारलं नाही. शिष्यवृत्तीची एक तारीख त्यातच गेली.

सवर्ण घरातल्या पोराला या प्रश्नासाठी घराबाहेर पडावं लागत नाही. मामा बँकेत, आत्या प्राध्यापक, चुलतभाऊ परदेशात. जेवता जेवता करिअर ठरतं. याला मात्र कुणी आरक्षण म्हणत नाही!

बाबासाहेबांना असं कुणीतरी भेटलं ते चर्नी रोडच्या बागेत. शाळकरी भीमराव तिथे वाचत बसायचे आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांची विचारपूस केली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं, पुढे सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला, आणि कॉलेजसाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बुद्धी आणि कष्ट बाबासाहेबांचेच, त्याचं श्रेय दुसऱ्याला देण्याचं कारण नाही. पण कुठलं दार ठोठवायचं हे सांगणारा माणूस भेटला, हेही खरं. पुढे बाबासाहेबांनी आपल्या पोरांसाठी ते दार नशिबावर सोडलं नाही. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादचं कॉलेज, जे पुढे मिलिंद झालं.

आणि आपण? १८ मार्च १९५६ ला आग्ऱ्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी खंत व्यक्त केली, ती आपण दरवर्षी स्टेटसला ठेवतो आणि पुन्हा फ्लॅटचं दार लावून घेतो.

काही जण म्हणतील, विहार धम्मासाठी आहे, तिथे नोकरीच्या गप्पा कशाला? अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे, ती काय फक्त म्हणण्यापुरती? व्हॉट्सॲप ग्रुप आहेच की, असंही म्हणतील. दोनशे माणसांसमोर 'मी नापास झालो, आता काय करू' असं कोण लिहिणार?

गुणवंतांचे सत्कारही आता पुरे. नव्वद टक्केवाल्याला हार घालताना बावन्न टक्केवाला घरीच बसतो, आणि खरी गरज त्यालाच असते. दोन सतरंज्या पुरतात. स्टेज नको, माईक नको, फोटो तर नकोच. बोलायला फक्त क्लास वन अधिकारी नकोत. आयटीआय केलेला फिटर हवा, नर्स ताई हवी, तीनदा पूर्व परीक्षा हुकल्यावर दुसरं काम धरलेला दादा हवा. जात वैधतेची फाइल कधी टाकायची, परदेश शिष्यवृत्तीला काय लागतं, पहिल्या इंटरव्ह्यूला आडनाव ऐकून समोरच्याचा चेहरा बदलला तर काय करायचं, हे तिथे न लाजता विचारता आलं पाहिजे. वेळ दिवसाचीच हवी, म्हणजे मुलींना घरून अडवायला कारण मिळणार नाही.

त्या मुलीची गाठ मी ओळखीच्या एका प्राध्यापक ताईंशी घालून दिली आहे. येत्या रविवारी सकाळी दहाला त्या आमच्या विहारात बसणार आहेत, मीही असेन. डीजेच्या वर्गणीचा विषय साडेबारानंतर घेऊ. जय भीम.