आधी जमाखर्च मांडा!

गणेशोत्सव आटोपला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फळा लागतो. वर्गणी किती जमली, मंडपवाल्याला किती दिले, विसर्जनाच्या ट्रॅक्टरला किती गेले, शिल्लक किती उरली. फळा लागायला चार दिवस उशीर झाला, तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात कुजबुज सुरू होते आणि खजिनदाराला घरी बसवेनासे होते. शे-दोनशे रुपयांच्या वर्गणीचा हिशेब असा चोख मागणारा हाच सुविद्य मध्यमवर्गीय गृहस्थ, ज्या पक्षाच्या हाती देशाची तिजोरी सोपवतो त्याला मात्र ‘तुमचा प्रपंच कोणाच्या पैशावर चालतो?’ असे चुकूनही विचारत नाही. ही उदासीनता कोठून आली?

हा प्रश्न आजचा नव्हे. 1957 साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रकात दुरुस्ती करण्याची परवानगी मुंबई उच्च न्यायालयाकडे मागितली. मुख्य न्यायमूर्ती छागला यांना ती कायद्याप्रमाणे द्यावी लागली. पण देताना त्यांनी संसदेला बजावले की, या वाटेने पैसा वाहू लागला तर लोकशाहीला धोका आहे. लगेच नसला तरी निर्बंध आला: 1960 मध्ये अशा देणगीवर मर्यादा घालण्यात आली. आणि एक गोष्ट त्या काळाच्या श्रेयात मांडलीच पाहिजे. 1961 साली जे. आर. डी. टाटा यांनी पंडित नेहरूंना सरळ पत्र लिहून कळवले की, काँग्रेसबरोबर आता स्वतंत्र पक्षालाही आम्ही देणगी देणार आहोत. आणि नेहरूंनीही ‘तुम्हाला तो अधिकार आहे’ असे उत्तर दिले. देणारा, घेणारा आणि प्रतिस्पर्धी, तिघांनाही सर्व ठाऊक होते.

1969 मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी घातली. वरवर पाहता केवढे हे तत्त्वनिष्ठ पाऊल! परंतु निवडणुकीचा खर्च भागवण्याची दुसरी कोणतीही सोय केली नाही. धनादेशाचा दरवाजा बंद झाला आणि रोकडीची खिडकी सताड उघडली. परवाना, कोटा आणि परमिट ज्यांच्या हाती, त्यांच्याकडे पैसा न मागता चालत येणार हे उघड होते. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात निर्णय दिला की, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच हिशेबात धरावा. सरकारने काय केले? त्याच वर्षी कायदा बदलून तो निर्णय निष्प्रभ केला. उमेदवाराला खर्चाची मर्यादा आणि पक्षाला मात्र मोकळे रान, ही विसंगती तेव्हापासून चालत आली आहे.

महाराष्ट्राला या रोकडीच्या अर्थशास्त्राचा धडा वेगळा शिकवायला नको. सिमेंटच्या टंचाईच्या दिवसांत मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला बिल्डरांकडून देणग्या येत होत्या आणि देणगीदारांना सिमेंटचा कोटा मिळत होता. जानेवारी 1982 मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी या दोहोंचा संबंध असल्याचा निर्वाळा दिला आणि अंतुल्यांना खुर्ची सोडावी लागली. मी तेव्हा शाळेत होतो. घरात काका-मंडळी तावातावाने बोलत असत, ते आठवते. तो पैसा पक्षाचा नव्हता, प्रतिष्ठानाचा होता, असा युक्तिवाद तेव्हाही झाला. पण एका हाताने देणगी आणि दुसऱ्या हाताने परवाना, ही रीत ओळखायला कायद्याची पदवी लागत नाही.

1985 मध्ये कंपनी-देणग्यांवरील बंदी उठली. 2003 मध्ये वाजपेयी सरकारच्या काळात वीस हजारांवरील प्रत्येक देणगीदाराचे नाव निवडणूक आयोगाला कळवण्याची तरतूद झाली आणि देणगीला करसवलत मिळाली. दिशा योग्य होती. मात्र वीस हजारांच्या खाली नाव नाही, ही फट तशीच राहिली. आणि फटीतून काय शिरते हे हिशेबनिसांना सांगायला नको.

आता अवघड जागी येतो. या साप्ताहिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ज्या सरकारला मते दिली, ज्याच्यासाठी उन्हातान्हात घरोघरी पत्रके वाटली, त्याच सरकारने 2017 च्या वित्त विधेयकातून निवडणूक रोखे आणले. धन विधेयक म्हणून ते आल्यामुळे राज्यसभेचा अडसर उरला नाही. कंपनीच्या नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा गेली. कोणत्या पक्षाला किती दिले हे ताळेबंदात सांगण्याचे बंधन गेले. रिझर्व्ह बँकेने आणि निवडणूक आयोगाने हरकती घेतल्या होत्या, त्या बाजूला ठेवल्या गेल्या. समर्थनार्थ सांगितले गेले ते असे: नाव उघड झाले तर विरोधी पक्षाला देणगी देणाऱ्यावर सत्ताधारी सूड उगवतील, म्हणून गुप्तता हवी. युक्तिवाद वरकरणी पटण्याजोगा आहे. पण रोखे विकणारी स्टेट बँक कोणाची? सरकारची. मग सरकारला कळू शकत होते. कळत नव्हते ते फक्त तुम्हाआम्हाला.

15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली. बँकेने मागितलेली मुदतवाढ नाकारली गेली आणि मार्चमध्ये यादी बाहेर आली. एप्रिल 2019 पासूनचा हिशेब बारा हजार कोटींहून अधिक. त्यातील सहा हजार कोटींवर भाजपला, सुमारे सोळाशे कोटी तृणमूल काँग्रेसला, सुमारे चौदाशे कोटी काँग्रेसला आणि बाराशे कोटींच्या आसपास भारत राष्ट्र समितीला. लोकसभेत नऊ खासदार असलेल्या, पण तेलंगणात तेव्हा सत्तेवर असलेल्या पक्षाच्या पदरात एवढा पैसा का पडला? बंगालमधला पक्ष काँग्रेसच्या पुढे कसा गेला? देणगी विचाराला नव्हती, सत्तेला होती. जेथे ज्याचे राज्य, तेथे त्याची पावती. मार्क्सवादी कम्युनिस्टांनी एकही रोखा घेतला नाही आणि ते न्यायालयातही गेले. त्यांच्याशी आपले सात जन्मांत पटायचे नाही. पण जे खरे ते लिहिले पाहिजे.

विरोधकांनी या निकालावर फुगड्या घालण्याचेही कारण नाही. मार्च 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विदेशी देणगी कायद्याचा भंग केल्याचा ठपका काँग्रेस आणि भाजप, दोघांवरही ठेवला होता. 2016 मध्ये तो कायदा 2010 पासून आणि 2018 मध्ये तर थेट 1976 पासून पूर्वलक्षी प्रभावाने बदलला गेला. हे दुसरे विधेयक लोकसभेत गदारोळात, चर्चेविना मंजूर झाले. एरवी कामकाज रोखण्यात पटाईत असलेल्यांना या कलमासाठी सभागृह डोक्यावर घ्यावेसे वाटले नाही! केंद्रीय माहिती आयोगाने 2013 मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराच्या कक्षेत आणले. तो आदेश त्यांतल्या एकाही पक्षाने पाळलेला नाही.

या सगळ्याचा कार्यकर्त्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. थेट संबंध आहे. गोपीनाथराव मुंडे यांनी 2013 मध्ये मुंबईतील एका जाहीर कार्यक्रमात आपल्या 2009 च्या निवडणुकीला आठ कोटी खर्च झाल्याचे बोलून टाकले. मर्यादा तेव्हा पंचवीस लाखांची होती. आयोगाने नोटीस काढली. पण गावोगावच्या राजकारण्यांच्या मनात आले असेल ते एवढेच, की हे बोलायचे नसते. 2022 पासून मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाखांची मर्यादा आहे. ती कोणी पाळतो यावर वाचकांपैकी किती जणांचा विश्वास आहे? उमेदवारी मागायला जाणाऱ्याला आज पहिला प्रश्न काम किती केले हा नसतो, ‘तयारी किती आहे?’ हा असतो. आणि त्या ‘तयारी’चा अर्थ सर्वांना कळतो. वीस वर्षे बूथ सांभाळलेला मास्तर मागे राहतो, काल पक्षात आलेला कंत्राटदार व्यासपीठावर बसतो. पैसा वरून येऊ लागला की खालच्या माणसाची गरज उरते ती सतरंज्या उचलण्यापुरती.

आमच्या व्यवसायानेही यात हात ओले केले आहेत. 2009 च्या निवडणुकांत जाहिरात बातमी म्हणून छापली गेली, आणि प्रेस कौन्सिलचा सविस्तर अहवालदेखील आधी काटछाट करूनच बाहेर आला.

तर मग करायचे काय? जर्मनीत सरकारी अनुदान पक्षाच्या सभासद-वर्गणीशी आणि लहान देणग्यांशी जोडलेले आहे. व्यक्तीने दिलेल्या एका युरोमागे सरकार पंचेचाळीस सेंट देते, तेही माणशी वर्षाला 3,300 युरोंपर्यंतच. त्यामुळे पक्षाला हजार सामान्य सभासद जपणे परवडते. ब्रिटनने 2000 च्या कायद्याने उमेदवाराबरोबर पक्षाच्या देशव्यापी प्रचारखर्चालाही लगाम घातला. आपल्याकडे पक्षाच्या खर्चाला मर्यादा, वीस हजारांच्या आडची फट बुजवणे आणि पक्षाने न नेमलेल्या लेखापरीक्षकाकडून तपासणी, एवढे तीन बदल एका अधिवेशनात होऊ शकतात. होत नाहीत, कारण मागणारा कोणी नाही.

मागणी विरोधकांच्या पक्षाकडे करणे सोपे आहे. ती स्वतःच्या पक्षाच्या बैठकीत, जिल्हाध्यक्षासमोर, उभे राहून करायची आहे. पक्षनिधीसाठी पदाधिकारी दारात येतील तेव्हा शंभर रुपये अवश्य द्या, पावती नावाने मागा, आणि गेल्या वर्षीचा फळा कोठे लावला आहे तेही विचारा.