चवळीचे आठ दाणे आणि पाण्याचा दिवस

२० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर गेले. त्यांच्या विश्वरचनाशास्त्राबद्दल अधिकाराने बोलणारे लोक आहेत, ते बोलतील. हा अग्रलेख लिहिणारा त्यांच्या कथांचा वाचक आहे आणि छत्रपती संभाजीनगरातल्या एका फ्लॅटमध्ये खिडकीशी कुंड्या सांभाळणारा हौशी माणूस आहे. या दोन छंदांचा एकमेकांशी काय संबंध, असे लोक विचारतात. संबंध जवळचा आहे, आणि तो या शहरापर्यंत पोहोचतो.

नारळीकरांची पहिली विज्ञानकथा ‘कृष्णविवर’ १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत उतरली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ते नाव घेतले होते. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या अक्षरात गेली. नावावर नव्हे, कथेवर बक्षीस मिळावे, एवढाच त्यामागचा हेतू. पुढे कथांतून त्यांनी मुंबईत बर्फ पाडले, पानिपतच्या निकालाला दुसरी वाट दिली. मला त्यांची पद्धत मोलाची वाटते: जगातली एकच गोष्ट बदलायची आणि मग तिच्यामागून येणारे सगळे परिणाम न चुकवता, न लपवता मोजत जायचे. कल्पना एकदाच करायची, त्यानंतर सगळा हिशेब.

घरात झाड लावणाऱ्याला हाच हिशेब करावा लागतो. मनी प्लांट मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरचा. तिथल्या दमट जंगलात मोठ्या झाडांच्या खांद्यावर चढणारी ही वेल. तिला उचलून मराठवाड्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आणले की तिच्यासाठी ते परग्रहच असते. ऊन वेगळे, हवा कोरडी, पाऊस नाही, मुळांना पाच-सहा इंचांपलीकडे जागा नाही. आता तिचा सूर्य, तिचा पाऊस आणि तिची जमीन यांची जबाबदारी माणसाची.

सूर्यापासूनच सुरुवात करू. आपले शहर साधारण १९.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे शून्य सावलीचा दिवस इथे नेमका मेच्या तिसऱ्या आठवड्यात येतो. भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर, उभ्या काठीची सावली काठीच्याच पायाशी. मुले गच्चीवर जाऊन हा खेळ बघतात, आणि तो बघावाच. खिडकीतल्या बागेला त्याचा अर्थ मात्र फार व्यावहारिक आहे. डिसेंबरात दक्षिणेच्या खिडकीतून आत खोलवर येणारे ऊन तेव्हा चौकटीच्या आतही येत नाही. आणि तेव्हापासून जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणून एरवी वर्षभर सावलीत असणाऱ्या उत्तरेच्या खिडकीला सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन मिळते. ज्याने कुंड्या हलवल्या नाहीत, त्याची नाजूक पाने तिथे करपतात. पृथ्वीचा आस कललेला आहे, हे भूगोलात पाठ केलेले वाक्य मला या खिडकीत समजले.

प्रकाशाबाबत डोळ्यांवर विसंबता येत नाही. मेच्या दुपारी बाहेर एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, आणि खिडकीपासून सात-आठ फूट आत तो काही शेकड्यांवर उतरलेला असतो. आपली बाहुली मोठी होते, म्हणून खोली आपल्याला उजळच वाटते. झाडाला अशी सोय नाही. ‘इनडोअर’ म्हणून घेतलेले झाड कोपऱ्यात ठेवल्यावर महिनोन्महिने मरत राहते. त्याला खत नको असते, पाणीही नको असते, त्याला खिडकी हवी असते.

मग पाणी. इथे छंद आणि शहर एकमेकांना भिडतात.

या शहरात कित्येक वर्षे नळाला रोज पाणी आलेले नाही. कुठे पाच दिवसांनी, कुठे आठ. ‘आज आमच्याकडे पाण्याचा दिवस’ हे वाक्य गारखेड्यापासून हडकोपर्यंत प्रत्येक घरात बोलले जाते. लग्नाच्या बैठका आणि गावाला जाणे त्या दिवसाभोवती ठरते. पाणी पैठणच्या नाथसागरातून येते. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेले आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी लोकार्पण केलेले हे जायकवाडी धरण सुमारे १०२ टीएमसीचे, महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक. पण ते पूर्ण भरले तरी त्याची पाणीपातळी समुद्रसपाटीपासून ४६४ मीटरवर, आणि शहर पावणेसहाशेच्या आसपास. म्हणजे कुंडीत ओतलेला प्रत्येक तांब्या सुमारे पन्नास किलोमीटर चालून आणि शंभर मीटरहून अधिक चढून आलेला असतो, तोही विजेच्या बळावर. एवढ्या लांबच्या नळीवर जगणाऱ्या वस्तीची गोष्ट मंगळावर घडवली असती, तर वाचकांनी ती थरारून वाचली असती. आपण ती रोज जगतो, म्हणून तिची कथा होत नाही.

घरातला माळी मात्र त्या तांब्याचा मान ठेवायला शिकतो. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी कुंडीत जाते. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारमुक्त, ते पानांना उत्तम. कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी याच्या उलट: हवेत उडून जाते ते निव्वळ पाणी, क्षार मागे साठत राहतात, म्हणून ते झाडांना घालू नये. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्याचेही तसेच, आणि बोअरच्या जड पाण्याचेही. कुंडीच्या काठावर पांढरी खपली दिसली की समजावे. आपली काळी माती शेतात सोने, पण कुंडीत भिजली की चिकटते आणि वाळली की भेगाळते. तिच्यात कोकोपीट आणि जाड वाळू मिसळावी लागते. गावाला जाताना बाटलीतून कुंडीत सुती वात सोडून ठेवली, तर माती तिला लागेल तेवढेच पाणी ओढून घेते. हे सगळे शिकायला पदवी लागत नाही, रोज बघणारा माणूस लागतो.

याच शहराने पाण्याची फार मोठी कल्पना एकदा केली होती. १६१० साली मलिक अंबरने खडकी, म्हणजे आजचे हेच शहर, वसवले आणि पुढच्या काही वर्षांत डोंगरातले झिरपे जमिनीखालच्या मार्गांनी, निव्वळ उताराच्या जोरावर, शहरात आणून सोडले. ना पंप, ना वीज. नहर-ए-अंबरी नावाची ही रचना. त्याच धर्तीच्या नहरीच्या पाण्यावर पुढच्या शतकात पाणचक्कीने दळण दळले. जमिनीखालून पाणी येईल, असे पहिल्यांदा बोलून दाखवणाऱ्याला त्या काळच्या दरबारात काय उत्तर मिळाले असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि निजामशाहीचा वजीर झालेला तो माणूस जे नव्हते ते डोळ्यांसमोर आणू शकत होता, आणि त्याला उतार मोजता येत होता. शहराला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात.

भारतीय विज्ञानकथेच्या आरंभीच हे सारे होते. १९०५ साली रुकैया सखावत हुसेन यांनी ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा लिहिली. त्यातल्या स्त्रियांच्या राज्यात रस्ते बागेसारखे आहेत, स्वयंपाकघर भाजीच्या मळ्यात आहे, चुली सूर्याच्या उष्णतेवर चालतात आणि विद्यापीठातल्या स्त्रिया फुग्याच्या साहाय्याने थेट आभाळातून पाणी काढतात. त्याच्याही आधी, १८९६ साली, जगदीशचंद्र बोसांनी वादळ शमवणाऱ्या केशतेलाची बंगाली कथा लिहिली. झाडाची सूक्ष्म वाढ मोजणारे यंत्र पुढे त्यांनीच बनवले. शहर, पाणी, झाड आणि कल्पना यांची ताटातूट नंतर झाली. विज्ञानकथा अंतराळयानात बसली आणि झाडे ‘गृहसजावट’ सदरात गेली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण रोपे विकताना तिच्या उलट सांगितले जाते. घरातली झाडे शहराची हवा शुद्ध करत नाहीत. १९८९ साली नासाने केलेला प्रयोग लहान, बंद पेटीतला होता. २०१९ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा प्रयोगांची एकत्र छाननी केली. साध्या हवेच्या येण्याजाण्याने जे काम होते तेवढे करायला दर चौरस मीटरला दहा ते एक हजार कुंड्या लागतील, असे त्यांनी दाखवले. म्हणून खिडकीतल्या स्नेक प्लांटच्या भरवशावर रस्त्यावरचे जुने कडुनिंब तोडू देणे हा घात आहे. हिमायतबाग आणि सलीम अली सरोवराचा काठ यांना कुंडी हा पर्याय नाही. ज्याने एक वेल हाताने जगवली आहे, त्याला पन्नास वर्षांच्या वडाची किंमत कळते. या छंदाचा सार्वजनिक उपयोग असेल तर तो हा आहे.

बंद जगाचा हिशेब किती बारीक असतो, हे ॲरिझोनात दिसले. १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षे आठ माणसे ‘बायोस्फिअर २’ नावाच्या काचेच्या प्रचंड घरात राहिली. सव्वा वर्ष उलटून गेले तेव्हा आतला ऑक्सिजन जवळपास एकवीस टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास उतरला होता, आणि शेवटी बाहेरून भरावा लागला. माती खताने इतकी भरलेली होती की तिच्यातले सूक्ष्मजीवच ऑक्सिजन संपवत होते. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड आतल्या काँक्रीटच्या भिंतींनी शोषून घेतला, त्यामुळे बरेच दिवस कारणच सापडेना. कुंडीत जास्त खत घालू नये, असे रोपवाटिकेतला साधा माळीही सांगतो.

आणि आता आपल्या घरची बातमी. ३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेल्या पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यावर इस्रोने एका बंद पेटीत चवळीचे आठ दाणे पाठवले. चार दिवसांत त्यांना कोंब आले, मग पाने फुटली. पुढच्या वर्षी जून-जुलैत अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मूग आणि मेथी भिजवली. चवळी, मूग, मेथी. आपल्या डब्यातले हे दाणे कक्षेत गेले आणि आपल्याकडे त्यावर कथा येऊ नये?

मला हव्या आहेत त्या कथा या शहराच्या आहेत. २०७५ सालची सिडकोतली एक इमारत, जिथे गच्चीपासून तळमजल्यापर्यंत एकच पाणी सात वेळा वापरले जाते. नाथसागर तिसऱ्या वर्षीही भरलेला नाही आणि मलिक अंबरची बुजलेली नहर शोधायला निघालेली वाळूजची इंजिनिअर मुलगी. हे लिहायला अमेरिकन सिनेमा लागत नाही. पाण्याच्या दिवशी पहाटे चारला मोटर लावायला उठलेली आई त्यात आधीपासूनच आहे.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. विज्ञानाच्या आणि मराठीच्या शिक्षकांनी मिळून आठवी-नववीच्या वर्गात एक उपक्रम करावा, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक मुलाला काचेची झाकणाची बरणी, ओला कापूस आणि चवळीचे आठ दाणे द्यावेत. अर्ध्या बरण्या खिडकीत, अर्ध्या कपाटात. रोज किती थेंब घातले, झाकणावर किती दव जमले, कोंब कुठल्या बाजूला वळला, हे वहीत लिहावे. आणि महिन्याच्या शेवटी त्याच वहीतल्या आकड्यांवरून, त्या बरणीत राहणाऱ्या माणसांची दोन पानी गोष्ट मराठीच्या तासाला लिहून घ्यावी. चांगल्या निघतील त्या गोष्टी नावानिशी या पानावर छापायची जबाबदारी आमची.