हक्कांची शिरगणती होत नसते!

सीमालढ्याच्या पत्राने अमेरिकेतील समलिंगी विवाहांची उठाठेव कशासाठी करावी, असा प्रश्न आमचे काही वाचक करतील. आमचे उत्तर एवढेच, की न्यायालय आणि लोकमत या दोन दरवाजांवर ज्यांनी उभी हयात धडका दिल्या, त्यांनी हा खटला वाचावयाचा नाही तर कोणी?

कॅलिफोर्नियातील मतदारांना 1911 पासून एक असामान्य अधिकार आहे. पुरेशा सह्या जमविल्या, की घटनादुरुस्तीही थेट मतपेटीपुढे नेता येते. रेल्वे कंपनीच्या मुठीतून राज्यकारभार सोडविण्यासाठी हे शस्त्र जनतेच्या हाती आले. शस्त्र उत्तम; पण ते चालवावे कोणावर? मे 2008 मध्ये तेथील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा हक्क मान्य केला. सुमारे 18,000 जोडपी विवाहबद्ध झाली. नोव्हेंबरात ‘प्रस्ताव 8’ आला आणि शेकडा 52 मतांनी तो हक्क हिरावला गेला! 2009 मध्ये त्याच न्यायालयाने प्रस्ताव वैध ठरविला, झालेले विवाह मात्र अबाधित ठेवले. एकाच गल्लीत एका घरचा विवाह कायदेशीर, शेजारच्या घरी तोच निषिद्ध! 2010 मध्ये संघीय न्यायाधीश वॉकर यांनी प्रस्ताव घटनाबाह्य ठरविला. राज्य सरकारने त्याचा बचाव करण्याचे नाकारले. आणि प्रस्तावकांना अपिलाचा अधिकारच नाही, असे 2013 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविताच वॉकर यांचा निर्णय कायम राहिला. 2015 मध्ये हा हक्क साऱ्या देशाला लागू झाला. 2024 साली त्याच राज्याच्या मतदारांनी प्रस्ताव 8 ची ओळ आपल्या हातांनी घटनेतून पुसून टाकली.

कोणी म्हणेल, ‘तुम्ही लोकेच्छेचे पूजक, मग लोकांच्या कौलावर न्यायाधीशांनी बोळा फिरविलेला तुम्हांस कसा रुचतो?’ प्रश्न रास्त आहे. आमची मागणी आमच्या गावांनी कोठे नांदावे, हे त्या गावांनी ठरवावे एवढीच आहे. 16 जानेवारी 1967 रोजी गोव्याने विलीनीकरणाविरुद्ध कौल दिला. तो आमच्या जिव्हारी लागला. तरी तो मानला पाहिजे, कारण ज्यांचा प्रश्न होता त्यांनीच मत दिले. प्रस्ताव 8 मध्ये ज्यांचे काहीच जाणार नव्हते, त्यांनी मूठभरांचे सर्वस्व मतास टाकले. उद्या सीमाभागातील मुलांना मराठी शाळा असावी की नसावी, यावर साऱ्या कर्नाटकाचे मत घेतले, तर त्याला आपण लोकशाही म्हणू काय? ती बहुमताची मिजास होय!

आपल्याकडे 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहांना मान्यता देण्याचे नाकारून हा प्रश्न कायदेमंडळावर सोपविला. हे विवाह कोणास पसंत असोत वा नसोत; पण न्याय मागावयास गेलेल्याला दुसरे दार दाखविले जाते तेव्हा काय वाटते, हे 1956 पासून दारोदार फिरणाऱ्या आम्हांस कोणी शिकवावयास नको. 2004 साली दाखल झालेल्या सीमादाव्याने दोन दशके उलटताना पाहिली आहेत.

वाचकहो, अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्याने दुसऱ्या अल्पसंख्याच्या हक्काला हसू नये. त्याच्या दारावर आज जी शिरगणती होते, ती उद्या आपल्या उंबरठ्यावर येते. आम्ही लोकेच्छा मागतो. पण ती आमच्यापुरती आमची आणि त्यांच्यापुरती त्यांची!