ट्रॅक्टरची नोट आणि दुसरं गिऱ्हाईक

पोस्ट मोठी आहे. पण तुमच्या घरात कुणी निवृत्त माणूस असेल आणि त्याच्या हातात स्मार्टफोन असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

आमच्या गल्लीत एक आण्णा आहेत. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी घरी आले, स्वतःच दार पुढं लोटलं आणि खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली पाच रुपयांची नोट काढली. मागं ट्रॅक्टर असलेली. म्हणाले, "बाळा, तू ह्या लायनीतला. ही पाच लाखाला जाती म्हणं. गिऱ्हाईक पण ठरलंय. पण पैसं कुठंतरी तटल्यात."

मी विचारलं, तुम्ही काही भरलंय का? मग हळूहळू बाहेर आलं. आधी नोंदणीचे १,०५०. मग 'रिझर्व्ह बँकेच्या सर्टिफिकेट'चे ५,५००. मग 'आगाऊ जीएसटी' म्हणून ११,८००. एकूण १८,३५० रुपये, तीनदा यूपीआयनं, तीन वेगवेगळ्या नावांवर. आता समोरचा विम्याचे पंचवीस हजार मागत होता. गेलेले पैसे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बाजूला काढलेले होते. काकींना यातलं काहीच माहीत नव्हतं.

आण्णांना हसू नका. कारण ह्यात थोडी चूक माझी आहे. ती कशी, ते सांगतो.

मी २००८ पासून जुन्या वस्तू ऑनलाइन लिलावात विकतो. नोकरी सांभाळून. जुनी पुस्तकं, दिवाळी अंक, काड्यापेट्यांचे छाप आणि मुख्य म्हणजे मराठी सिनेमांच्या गाण्यांच्या चोपड्या. कोल्हापुरात त्या रद्दीत सापडायच्या. प्रभात कंपनी इथंच १९२९ साली सुरू झाली, पुढं पुण्याला गेली, पण सिनेमाचं वेड इथल्या घराघरांतल्या ट्रंकांमध्ये राहिलं. रद्दीवाल्याकडून किलोवर घ्यायचं, निवडायचं, पुसायचं, फोटो काढायचे आणि ईबे इंडियावर टाकायचं. ही साइट आधी 'बाझी' नावानं होती, २००४ मध्ये ईबेनं घेतली. तिथं पैसे मध्ये थांबायचे, गिऱ्हाइकाला माल मिळाला की आपल्याला यायचे. अनोळखी माणसावर विश्वास ठेवायची सोय होती ती.

एकदा एक चोपडी मी १०० रुपयांपासून लावली. पुण्याचा एक संग्राहक आणि नागपूरचा एक, दोघांत लागली. शेवटच्या पाच मिनिटांत आकडा पळत होता. २,६५० ला गेली. मी ही गोष्ट गल्लीत, कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत सांगितली. आण्णांनी ती किमान चार वेळा ऐकली असेल.

जे सांगितलं नाही ते असं. दोन महिन्यांनी त्याच सिनेमाची तीच चोपडी मला पुन्हा मिळाली, उलट जास्त चांगल्या स्थितीत. ती १०० रुपयांनाच गेली. पुणेकराकडं आता ती होती, त्यामुळं तो आलाच नाही. नागपूरकर एकटाच होता, त्यानं मूळ बोलीला उचलली. पोस्टाचा खर्च धरला तर हातात काय राहिलं, हे न सांगितलेलंच बरं.

लिलावाचं सगळं गणित ह्या दोन चोपड्यांत आहे. वस्तू किती जुनी, किती दुर्मीळ, हे नंतर. लिलावात किंमत ठरवतो तो दुसरं गिऱ्हाईक. पहिल्यानं मनात पाच हजार धरलेले असोत, दुसरा २,६०० ला थांबला की माल २,६५० ला जातो. आणि दुसरा नसेल, तर पहिल्याला जास्त द्यायचं कारणच काय?

आता ट्रॅक्टरच्या नोटेकडं बघा. अशा नोटा भरमसाट छापल्या गेल्या. आजही कुणाच्या तरी पाकिटात निघतात आणि दुकानात पाच रुपयांनाच चालतात. वैष्णोदेवीच्या नाण्याचं तेच, आकड्यात ७८६ असलेल्या नोटेचं जवळपास तेच. हौशी माणूस कोऱ्या करकरीत नोटेला थोडं वर देईल. पण पाच लाखांना घेणारं एक गिऱ्हाईक, आणि त्याच्याशी चढाओढ करणारं दुसरं कुणीच नाही? असा लिलाव नसतो. तिथं विकला जाणारा माल म्हणजे आपण स्वतः.

दुसरी खूण त्याहून सोपी. खऱ्या लिलावात कमिशन विक्री झाल्यावर, आलेल्या पैशांतून कापलं जातं. एखादी साइट वस्तू लावायचे थोडे पैसे घेईल. पण विकणाऱ्यानं सर्टिफिकेटचे, कराचे, विम्याचे पैसे आधी कुणाच्या तरी खासगी खात्यावर टाकायचे, हे कुठल्याच बाजारात नाही. मार्केट यार्डात गूळ घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला कुणी म्हणतं का, की आधी पंचवीस हजार भर, मग तुझ्या गुळाची बोली लावतो? रिझर्व्ह बँकेनं तर ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही आणि त्यासाठी कसलंही शुल्क वा कमिशन मागत नाही. तरी बँकेचं बोधचिन्ह लावलेले कागद व्हॉट्सअॅपवर फिरतच आहेत.

आता कुणी म्हणेल, मग ह्यात पैसे मिळतच नाहीत का? मिळतात. माझ्या वहीतला एक बरा महिना सांगतो. विक्री ९,४०० रुपये. माल घ्यायला गेले ४,१००. पोस्ट आणि पॅकिंग १,७००. उरले ३,६००. त्यासाठी रात्री जागून साधारण साठ तास गेले. म्हणजे तासाला साठ रुपये. वाईट महिने ह्यात धरलेले नाहीत. ईबे इंडिया २०१८ मध्ये बंद झाल्यावर आम्ही फेसबुक आणि व्हॉट्सअॅपच्या गटांवर आलो. फोटो, मूळ बोली, रात्री दहाला शेवट. आता मध्ये पैसे धरून ठेवणारं कुणी नाही, गटाच्या अॅडमिनची जीभ हीच हमी. बोली लावून गायब होणारे आहेत, माल मिळूनही नाही म्हणणारे आहेत. हे दुकान आहे, लॉटरी नाही.

आणि नियमही दुकानाचेच. शंभर वर्षांहून जुनं नाणं, समई, मूर्ती आपल्या मनानं परदेशी गिऱ्हाइकाला पाठवता येत नाही, १९७२ चा कायदा आहे. आजीच्या डब्यातली शिवराई त्यात येते. त्यामुळं 'परदेशात करोडो मिळतात' म्हणणारा एकतर फसवतोय, नाहीतर तुम्हाला गुन्ह्यात ओढतोय.

कराचं मात्र मला सरकारला सांगायचंय. आण्णांनी 'आगाऊ जीएसटी' का भरला? कारण ऑनलाइन विकायचं म्हणजे जीएसटी लागतो एवढंच त्यांनी ऐकलेलं, आणि नेमकं कुणाला लागतो हे साध्या मराठीत कुणीच सांगत नाही. घरातली एखादी जुनी वस्तू विकणं म्हणजे धंदा नव्हे. धंदा करणाऱ्या लहान विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून साइटवरून राज्याच्या आत विकायला नोंदणीची सक्ती राहिलेली नाही. राज्याबाहेर पाठवायचं तर मात्र साधारणपणे नोंदणी लागते. म्हणजे कोल्हापूरच्या बाईनं गोंदियाला माल पाठवला तर चालतो, चाळीसेक किलोमीटरवरच्या निपाणीला पाठवायचा तर कागद काढा! सीमाभागातल्या माणसाला हे कसं पटावं? नियम असे गुंतलेले असले की 'मी सगळं करून देतो, तुम्ही फक्त पैसे टाका' म्हणणाऱ्याचं फावतं. प्रामाणिक वाट सोपी करा, ठगाची वाट आपोआप अरुंद होईल.

आणि 'ही नोट असेल तर तुम्ही लखपती' असले व्हिडिओ पुढं ढकलणाऱ्या मित्रांनो, तुम्ही गंमत म्हणून पाठवता. तो कुणाच्या मोबाइलवर जाऊन पडतो, हे तुम्हाला दिसत नाही. अशा जाहिरातींचे पैसे घेणाऱ्या कंपन्यांना तर जबाबदार धरलंच पाहिजे.

आण्णा तक्रार करायला तयार नव्हते. पोराला कळंल, लोक हसतील, म्हणत होते. शेवटी त्यांच्याच फोनवरून १९३० लावला, तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. पहिला हप्ता गेला त्याच दिवशी फोन केला असता तर काही रक्कम अडवता आली असती. लाजेपायी तीन आठवडे गेले. म्हणून सांगतो, घरात कुणाचं असं झालं तर आधी १९३०, रागवायचं नंतर. रागवलं नाही तर आणखी बरं.

काकींना आण्णांनी स्वतःच सांगितलं. मी सोबत बसलो होतो. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "नोट कुठाय? आण इकडं. दूध आणायला पाच कमी पडत्यात."

२,६५० ची गोष्ट मी गावभर सांगितली होती. १०० ची आज सांगतोय. ही पण तेवढीच पसरवा.