आईचा आमवात लेकीला येतो का?

वेळापूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. माउलींची पालखी मुक्कामाला आली की वारकऱ्यांसाठी भाकऱ्यांची चळत लावणारे त्यांचे हात आमवाताने वाकडे झाले आहेत. ते दुखणे त्यांनी एका ओळीत उरकले आहे. खरी काळजी निराळीच. लेकीला चांगले स्थळ सांगून आले होते. पाहुण्यांनी आईची बोटे पाहिली आणि "हे रक्तातच असतं" म्हणून बोलणी थांबली. "माझ्या दुखण्याची शिक्षा पोरीला का?" असे त्या विचारतात.

भगिनींनो, रक्तात काय असते आणि काय नसते, ते नीट समजून घेऊ या.

आमवात, म्हणजे डॉक्टरांचा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा हाडे झिजण्याचा आजार नव्हे. रोगजंतूंशी लढणारी शरीरातली फौज आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. राखणदाराने घरच्यांवरच काठी उगारावी, तसे! हे का होते, याचा बराचसा उलगडा उंदरांनी केला. जपानमध्ये शिमोन साकागुची यांनी २००३ साली उंदरांचा एक वाण दाखवला. एकाच जनुकातल्या दोषामुळे या उंदरांत स्वतःवर उठणाऱ्या पेशी वेळीच खुडल्या जात नाहीत आणि सांधे सुजतात. (याच साकागुचींना २०२५ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.)

खरी गंमत पुढेच आहे, बरं का! तोच दोष असलेले उंदीर जंतूंपासून जपून, निर्मळ जागी वाढवले तेव्हा धडधाकट राहिले. बुरशीच्या आवरणातला एक पदार्थ टोचला, तेव्हा मात्र सांधे सुजले. बी असले तरी रुजायला पाऊस लागतोच.

माणसात तर एक नव्हे, अनेक जनुके मिळून कल ठरतो. अगदी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या बहिणींत एकीला आमवात असला, तर दुसरीला तो होण्याचा संभव १०० त सुमारे १५ च. लेकीत तर आईचा वाटा निम्माच. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून घरोघर पाहणी केली. प्रौढांत हा आजार हजारी सुमारे ५ जणांना आढळला. आईला असला तर लेकीचा धोका थोडा वाढतो, हे खरे. पण बहुतेक लेकींना तो होत नाही. एवढ्यासाठी स्थळ मोडणे हे अज्ञान आहे. दुखणे लपवू नका, पण मानही खाली घालू नका.

लेकीने इतके करावे: घरात विडी-सिगारेटचा धूर नको, त्याने धोका वाढतो, हे सिद्ध झाले आहे. दोन्ही हातांची बोटे सकाळी तासभर आखडू लागली, सूज सहा आठवडे हटली नाही, तर बाम चोळत बसू नये. डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासावे.

आणि आईंनो, तुम्हीही औषध टाळू नका. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि मूळचे लुधियानाचे रविंदर मैनी यांनी टीएनएफ नावाचा दाहक पदार्थ रोखून १९९२ साली उंदरांचे सांधे वाचवले. त्यातूनच आजची इंजेक्शने आली. ती महाग असतात, पण बहुतेकींना सुरुवातीला मेथोट्रेक्सेटच्या स्वस्त गोळीने भागते. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नव्हे हं! गर्भारपणी ती चालत नाही; मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. बिननावाच्या पुड्यांच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते.