'वेट म्हणजे ओला' एवढ्यावर थांबू नका



परवा तिसरीच्या वर्गात इंग्रजीचं श्रुतलेखन घेतलं. मी 'वेट' म्हटलं. मला हवा होता 'ओला' या अर्थाचा शब्द, डब्ल्यू-ई-टी. एका मुलाने लिहिला 'वाट पाहणे' या अर्थाचा, डब्ल्यू-ए-आय-टी. मी चूक दिली. तो वही घेऊन आला, "बाई, तक्त्यात दोन्हीला वेटच लिहिलंय की!"

खरंच होतं. शब्द, उच्चार, अर्थ असा तीन रकान्यांचा तक्ता मीच केलेला. त्यात वजनालाही 'वेट'! ओल्याचा 'वेट' झटकन म्हणायचा, बाकीचे दोन जरा लांबवून. हा फरक आपल्या लिपीत दिसत नाही, कानालाच द्यावा लागतो. तो मी दिला नव्हता. चूक माझी, गुण गेला त्याचा.

अर्थाच्या रकान्याचंही तेच. 'वेट म्हणजे ओला' पाठ केलेलं मूल ओल्या खोबऱ्याला 'वेट कोकोनट' म्हणणार. इंग्रजीत ते 'फ्रेश'. उलट 'वेट पेंट' अशी पाटी म्हणजे रंग वाळलेला नाही, हात लावू नका. 'वेट डे' म्हणजे पावसाचा दिवस. आणि 'वेट ब्लँकेट' म्हणजे सगळ्यांच्या उत्साहावर पाणी फिरवणारा माणूस! दमट हवेला 'ह्युमिड', अर्धवट वाळलेल्या कपड्याला 'डॅम्प'. आपणही ओला, ओलसर, दमट, चिंब असे वेगळे शब्द वापरतोच ना?

काहीजण म्हणतील, एवढ्याशा मुलांना इतकं कशाला? मान्य. सगळं एका दिवशी नकोच. पण रोज दहा शब्द घोकून घेण्यापेक्षा दोनच शब्द नीट शिकवा. दोन रुमाल घ्या. एक पाण्यातून तसाच काढा, तो 'वेट'. दुसरा पिळून थोडा वाळवा, तो 'डॅम्प'. मुलांना हात लावू द्या, बोलू द्या.

पालकहो, "आज किती शब्द पाठ केलेस?" असं विचारू नका. "आजचा शब्द कुठे वापरशील?" असं विचारा.

त्या मुलाचा गुण मी परत दिला. तक्त्यातला उच्चाराचा रकानाही पुसून टाकला. आता शब्द आधी ऐकायचा, मग वाक्यात बोलायचा आणि शेवटी लिहायचा.