समुद्रकाठची स्वस्त खोली आणि आपले नाव

आमच्या घनसावंगीच्या माणसाला सागर म्हटले की आधी पैठणचा नाथसागर आठवतो. गोदावरी आमच्या तालुक्याच्या कडेने वाहते, तेवढेच काय ते आमचे पाणी. ऊस आणि मोसंबीच्या या मुलखात खरा समुद्र पाहिलेली माणसे थोडी, आणि समुद्राकाठी एक रात्र मुक्काम केलेली त्याहून थोडी. वर्गात मी उर्दू आणि मराठी शिकवते. दोन्ही भाषांच्या पुस्तकांत लाटा, होड्या, किनारा असतोच. ‘ओहोटी’ हा शब्द समजावताना मात्र मला फळ्यावर चित्र काढावे लागते. मुलांनी ती पाहिलेली नसते.

समुद्राकाठी स्वस्त खोली मिळणे ही आपल्यासारख्यांच्या दृष्टीने चैन आहे, असे अनेकांना वाटते. शेजारच्या एका आपांनी तर स्पष्टच विचारले, “इतने पैशात घरात पत्रे बदलून झाले असते की नाही?” झाले असते. तरीही माझे मत असे आहे की साध्या माणसाला परवडणारी आणि नाव न पाहता मिळणारी खोली ही चैनीची गोष्ट नाही. पत्र्यांचा हिशेब वेगळा आणि हा वेगळा.

आपल्याकडे प्रवासाला दीनमध्ये मोठा मान आहे. जमिनीवर फिरा आणि पाहा, हे कुरआन पुन्हापुन्हा सांगते. मुसाफिराला नमाजमध्ये सवलत, रोज्यात सवलत. जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत त्यांत मुसाफिरही आहे, म्हणजे घरी संपन्न असलेला माणूससुद्धा वाटेत अडला तर त्याचा हक्क लागतो. प्रवासात माणूस दुबळा होतो, हे त्यामागचे साधे निरीक्षण आहे. ओळखीचे कोणी नसते, रात्र पडते, लेकरे पेंगतात आणि दार उघडायचे की नाही हे दुसऱ्याच्या हातात असते.

मराठवाड्यातल्या आमच्या आजोबा-पणजोबांनी समुद्र पाहिला तो बहुधा हजच्या निमित्ताने. तेव्हा मुंबईहून जेद्दाहला बोटी जात. ही बोटसेवा १९९५ मध्ये बंद झाली. बोटीची वाट पाहत हाजी लोक मुंबईत मुसाफिरखान्यात उतरत. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून येतो. तो एका दानशूराच्या नावाने उभा राहिला. तशाच हिंदूंच्या धर्मशाळा, जैनांच्या, पारशांच्या धर्मशाळा. स्वस्त आणि सुरक्षित मुक्काम होता, पण ज्याचा त्याच्यापुरता. जमातीबाहेरच्या माणसाने कुठे उतरायचे, याचे उत्तर त्या व्यवस्थेकडे नव्हते.

ते उत्तर पुढे हॉटेलाने आणि कायद्याने मिळून दिले. हॉटेल म्हणजे पैसे मोजले की खोली. इंग्रजांनी १८६७ मध्येच सराय कायदा करून सराय चालवणाऱ्यावर जागा स्वच्छ ठेवण्याची आणि दरपत्रक लावण्याची जबाबदारी टाकली होती. स्वतंत्र भारताने त्यापुढचे पाऊल टाकले. राज्यघटनेच्या कलम १५ च्या दुसऱ्या उपकलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा यांची नावे घेऊन सांगितले आहे की केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणाही नागरिकाला तिथे मज्जाव करता येणार नाही. मूलभूत हक्कांच्या भागात ‘हॉटेल’ हा शब्द घालावा लागला, यावरून त्या दाराशी किती अपमान झाले असतील याची कल्पना येते.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे रत्नागिरीला जाणार होतो. मी इंटरनेटवरून भाट्ये आणि मांडवी किनाऱ्याजवळच्या खोल्यांचे नंबर काढून फोन लावायला सुरुवात केली. एका ठिकाणी बोलणे छान चालले होते. किती माणसे, किती दिवस, गाडी आहे का, सगळे विचारून झाले. खोली आहे म्हणाले. मग नाव विचारले. मी पूर्ण नाव सांगितले. “एक मिनिट हां मॅडम,” म्हणून फोन बाजूला ठेवला गेला आणि परत आल्यावर सांगितले, “सॉरी, आत्ताच बुकिंग झालं.” तासाभराने माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीने त्याच तारखांसाठी फोन केला. तिचे आडनाव देशमुख. तिला खोली मिळत होती. तीच माझ्यापेक्षा जास्त संतापली. मी त्या लॉजचे नाव इथे लिहीत नाही, कारण प्रश्न एका लॉजचा नाही.

त्याच दिवशी दुसऱ्या एका ठिकाणी खोली मिळाली. भाट्याच्या सुरूच्या बनापासून चालत पाच मिनिटांवर. १२०० रुपये रोज, जादा गादीचे २०० वेगळे. खिडकीचे गज खाऱ्या हवेने गंजलेले, गरम पाणी सकाळी बादलीने मिळणार, टीव्ही होता पण लागत नव्हता. चादरी मात्र स्वच्छ. बाहेर अंगणात एक नळ होता आणि पाटी होती, ‘पायाची वाळू इथे धुवावी’. मालकांनी आधारकार्ड पाहिले, रजिस्टरात चौघांची नावे उतरवली आणि विचारले ते एवढेच, “जेवणात मासे चालतील ना? उद्या बांगडा आहे.” चिकनबद्दल विचारायची वेळच आली नाही. कोकणात आपल्या माणसाला हा मोठा सुकून आहे. माशाला जबिहाचा प्रश्न येत नाही, त्यामुळे यजमान कोणीही असो, ताट एकच होते.

दोन्ही मालक एकाच शहरातले, बहुधा एकाच बाजारात मासे घेणारे. म्हणून मी कोकणाला किंवा एखाद्या समाजाला दोष देणार नाही. पण पहिल्या मालकाची बाजू घेणारेही मला भेटले. “ज्याची जागा त्याची मर्जी,” असे ते म्हणतात. इथे थोडा फरक करायला हवा. खोलीत मांसाहार नको, दारू नको, रात्री दहानंतर गोंगाट नको, हे नियम मालक करू शकतो. ते सगळ्यांना सारखे लागतात आणि आधी सांगितले तर मी ते पाळीन किंवा दुसरीकडे जाईन. नाव ऐकून खोली भरली असे सांगणे हा नियम नाही. तो पाळण्यासाठी मी काहीच करू शकत नाही, कारण त्यात माझ्या वागण्याचा संबंधच नाही.

हे लिहिताना आपल्या घरातही पाहायला हवे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटे आत्मकथन माझ्या मते प्रत्येक शिक्षकाने वाचले पाहिजे. परदेशात शिकून बडोद्याला नोकरीला आलेल्या बाबासाहेबांना शहरात उतरायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. हा प्रसंग बहुतेकांना माहीत असतो. त्याच लेखनातला दुसरा प्रसंग आपल्या मराठवाड्यातला आहे आणि तो आपल्या मैफलीत फारसा निघत नाही. १९३४ साली बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी दौलताबादचा किल्ला पाहायला आले होते. प्रवासाची धूळ होती म्हणून त्यांनी हौदाच्या पाण्यात हातपाय धुतले. तेव्हा आरडाओरड करत धावून आला तो एक वृद्ध मुसलमान होता, आणि मागून जमलेली पोरेही आपलीच होती. हौद बाटवला म्हणून. तुमचा धर्म हेच शिकवतो का, असे बाबासाहेबांनी त्यांना विचारले. वजूच्या पाण्याला जात नसते हे रोज पाच वेळा शिकणाऱ्यांना हा प्रश्न ऐकावा लागला. आजही एखाद्या दलित किंवा भटक्या कुटुंबाला आपल्या मोहल्ल्यात भाड्याने खोली हवी असेल तर आपण काय करतो? हॉटेलाच्या दारात घटना आठवायची आणि आपल्या दारात विसरायची, हे चालणार नाही.

यावर आपल्याकडे एक सोपा उपाय सुचवला जातो. आपल्याच लोकांकडे उतरावे. व्हॉट्सॲपवर तशा याद्याही फिरतात. कोकणात आपली वस्ती मोठी आहे. रत्नागिरीत, दापोलीत, मुरुडला मुसलमानांचे गावगाडे आहेत, घराघरांत कोकणी मराठी बोलली जाते. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. आमची दख्खनी ऐकून तिथल्या बायका हसतात आणि त्यांची बोली ऐकून आम्ही, पण पाहुणचारात त्या कमी पडत नाहीत. त्यांच्या घरात उतरा, जरूर उतरा, त्यांना चार पैसे मिळू द्या. पण दुसरे दार बंद आहे म्हणून तिथे जाणे मला मान्य नाही. तसे झाले तर आपण पुन्हा जमातीच्या धर्मशाळेत परतलो, फक्त भाडे वाढले. शिवाय दुसऱ्या बाजूचे लोक आपल्याला कधी पाहुणे म्हणून पाहणारच नाहीत. बांगडा वाढणाऱ्या त्या मालकाच्या रजिस्टरात आमची नावे आहेत, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

मुक्कामाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे आणि ते जिवाशी संबंधित आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. त्यांत आपली मुले-मुली होती. आपल्या घरांतून आजही ती बातमी निघाली की आया गप्प होतात. पठारावरच्या माणसाला समुद्र कळत नाही. पाणी गुडघ्याएवढे दिसते, ओहोटी लागली की तेच पाणी माणसाला आत ओढते. रात्रभर जीपमधून प्रवास करून पहाटे पोचलेली, संध्याकाळी परत निघणारी माणसे घड्याळाकडे पाहून पाण्यात उतरतात. भरती-ओहोटीचे वेळापत्रक त्यांना कोण सांगणार? जो मुक्कामाला राहतो त्याला घरमालक सांगतो. आम्हाला पहिल्याच संध्याकाळी मालकांनी बजावले, “खाडीच्या तोंडाकडे जाऊ नका, आणि आता पाणी उतरतंय, पोरांना घेऊन उद्या सकाळी जा.” काजळी नदी तिथे समुद्राला मिळते. हे आम्हाला नकाशावर दिसले असते, धोका दिसला नसता.

पैशाचेही पाहू. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. त्यामुळे आमच्यासारख्या घरात आता तिकिटापेक्षा मुक्काम महाग पडतो. किनाऱ्यावर मोठमोठी रिसॉर्ट उभी राहत आहेत, त्यांचे एका रात्रीचे भाडे आमच्याकडच्या ऊसतोड कुटुंबाला ऐकवतही नाही. सरकारने १९९७ मध्ये सिंधुदुर्गाला पर्यटन जिल्हा जाहीर केले. पर्यटन महामंडळाची निवास व न्याहारी योजना आहे. २०१९ च्या सागरी किनारा नियमनाच्या अधिसूचनेत स्थानिकांना आपल्या राहत्या घराचा पाया आणि रूप न बदलता पाहुणे ठेवायची मुभा दिली आहे. म्हणजे स्वस्त खोल्यांची वाट खुली आहे. माझी मागणी एवढीच की महामंडळाकडे नोंदणी असलेल्या प्रत्येक घरात आणि लॉजमध्ये दरपत्रकाशेजारी मराठीत एक ओळ लावलेली असावी, की इथे धर्म किंवा जात पाहून खोली नाकारली जात नाही. आणि कोणी नाकारलीच तर तक्रार कुठे करायची त्याचा फोन नंबर. ज्याला महामंडळाची पाटी हवी त्याने एवढी अट पाळावी. बाईमाणसांसाठी किनाऱ्यावर कपडे बदलायला आडोसा आणि स्वच्छ संडासही हवेत. बुरख्यातली बाई असो की नऊवारीतली, ओल्या कपड्यांनी दोन तास बसायला दोघींनाही सारखीच लाज वाटते.

आपल्या बाजूनेही काही करायचे आहे. खोली घेताना चार सांगून नऊ माणसे घुसवणे, खोलीत स्टोव्ह पेटवून बिर्याणी शिजवणे, संडासात कांद्याची साले टाकणे, हे प्रकार मराठवाड्यातून जाणारे सगळेच करतात, त्यात आपणही आहोत. यामुळे वैतागलेला मालक आणि नाव ऐकून फोन ठेवणारा मालक यांत फरक आहे, पण पहिल्याच्या तक्रारीत तथ्य असते. फोनवर आधी पूर्ण नाव सांगावे, टोपणनावाने खोली घेऊ नये. मुलांसमोर तर मुळीच नाही. नाव लपवून मिळालेल्या खोलीत मूल काय शिकेल, ते मी शिक्षिका म्हणून सांगू शकते. नकार मिळाला तर तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवावा आणि पर्यटन खात्याकडे लेखी कळवावे. एक पत्र कचऱ्यात जाईल, शंभर जाणार नाहीत. आणि जिथे चांगले वागवले तिथल्या मालकाचे नाव चार लोकांना आवर्जून सांगावे, तो कोणत्याही समाजाचा असो. मी शाळेत त्या भाट्याच्या घराचा नंबर मागेल त्याला देते. देशमुख बाई उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथेच जाणार आहेत.